शटर हिरवं नको

६ जानेवारी

ताई,

आतापर्यंत जे घडलं ते क्रमाने लिहिते. म्हणजे निदान माहितीवरून तरी आपले मतभेद राहणार नाहीत.

१. ऑगस्टमध्ये औषधांच्या दुकानाची पाटी रंगवताना तू परांचीवरून पडलीस. मणक्याला मार लागला. छातीच्या खाली ताकद नाही, स्पर्श कळत नाही. हात शाबूत आहेत.

२. दुसऱ्या आठवड्यात मी चाकांच्या खुर्च्यांचा कॅटलॉग घेऊन तुला भेटायला आले. तू तो माझ्या अंगावर फेकलास आणि सिस्टरना सांगितलंस, "हिला पुन्हा आत सोडू नका." सिस्टरनी शब्द पाळला. कॅटलॉग चांगला होता.

३. त्याच्या आधीही दोन वर्षं आपण बोलत नव्हतो. त्याचं कारण तुला एक आठवतं आणि मला दुसरं, म्हणून ते इथे लिहीत नाही.

४. डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्याकडचं काम मार्चमध्ये संपेल. त्यापुढे तुला पलंगाची नाही, घराची गरज आहे.

५. बाबा म्हणाले, घरी आणू. घर तिसऱ्या मजल्यावर. मी लिफ्टची इंजिनिअर आणि माझ्या आईवडिलांच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावरचे तुझे सगळे विनोद मला पाठ आहेत. नवा नको.

६. बाबा म्हणाले, लिफ्ट नसली म्हणून काय झालं, उचलून नेऊ, फार तर चौघं जण लागतील. तू म्हणालीस, "चौघांनी उचलून न्यायला मी अजून मेले नाहीये." आई म्हणाली, "तुझ्या जिभेला काही हाड?" हे मला आईने फोनवर सांगितलं. सांगताना ती हसत होती. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

७. शहराबाहेरच्या देखभाल केंद्रात तुझ्या नावाने एक जागा धरून ठेवली आहे. मी जाऊन पाहिली. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत, दारं रुंद आहेत. एका दालनात आठ पलंग. रंग आणि टर्पेंटाइन आत नेता येत नाही, आगीच्या भीतीने. त्यांचं चूक नाही. पण म्हणजे तिथे गेलीस तर पाट्या रंगवणं संपलं.

८. रुग्णांना घरी सोडण्याची तयारी ज्या थेरपिस्ट बाई बघतात, त्यांनी विचारलं की घरच्यांपैकी जागा कोण शोधेल. आई बाबांकडे बघायला लागली, बाबा पंख्याकडे. मी हो म्हटलं.

एवढंच. हे पत्र थेरपिस्ट बाई तुझ्या कपाटावर ठेवतील. वाचायचं नसेल तर तसंच राहू दे. मी पुढचं लिहीनच, कारण झालेल्या कामाची माहिती ज्याचं काम आहे त्याला मिळायला हवी.

धाकटी


१९ जानेवारी

ताई,

जागा मिळाली. आधी मी सगळीकडे फ्लॅट बघत होते. फ्लॅटमध्ये संडास म्हणजे कोपऱ्यातलं कपाट असतं, आणि दार अशा बाजूला उघडतं की ते लावणारा सुतार कधी आत गेलाच नसावा असं वाटतं. मग कळलं की मी चुकीची वस्तू शोधतेय. तुला फ्लॅट नको, गाळा हवा.

रस्त्यालगत झेरॉक्सचं दुकान होतं, ते बंद झालंय. पुढे दुकान, मागे एक खोली, तिच्या मागे मोरी आणि संडास. मोरी आणि संडास यांच्यामधली भिंत नुसती आडोशाची आहे, ती काढली की खुर्ची आत पूर्ण वळते. पुढच्या भागात उत्तरेकडून उजेड येतो आणि तो दिवसभर हलत नाही. मला रंगातलं काही कळत नाही, पण तू आईशी ज्या ज्या घराबद्दल भांडलीस ते उजेडावरूनच, हे मला आठवतं.

मालक शेजारीच चष्म्याचं दुकान चालवतात. राहतात गाळ्याच्या वर. त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणतात. मी तुझ्याबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे एकटी बाई," ते म्हणाले, "आणि त्यात..."

"त्यात पाट्या रंगवते," मी म्हटलं.

"हो का? मग आमच्या पाटीचं बघेल का? त्यावर दोन डोळे काढलेत, त्यातला एक उडालाय. गल्लीत आमच्या दुकानाला काणा डॉक्टर म्हणतात."

मी म्हटलं, तिला विचारावं लागेल, मी तिच्या वतीने कबूल करत नाही. मग ते पायरीवर अडले. दुकानाला एक उंच पायरी आहे, ती त्यांच्या वडिलांनी बांधलेली. पायरी तोडायची नाही, वर उतार टाकायचा, एवढं पटवायला मला तीन वेळा चहा प्यावा लागला. उतार सरळ काढला तर फुटपाथवर जातो, म्हणून भिंतीच्या कडेने वळवला आहे. चढ इतका हलका की बाबा म्हणाले, "यावरून मीही येईन." मी म्हटलं, तुम्हाला पाय आहेत. ते म्हणाले, "तुझी बहीण बरी, निदान हसवते तरी."

काकांची वरची एक खोली रिकामी आहे, त्यांचा मुलगा परदेशी गेल्यापासून. त्याचा आपल्याशी संबंध नाही.

शटर जुनं आहे. गंज खरवडून हिरवा ऑइलपेंट देते आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये एक डबा शिल्लक होता.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझा निरोप थेरपिस्ट बाईंकडून मिळाला. पूर्ण निरोप: "शटर हिरवं नको."

नोंद घेतली. पहिला हात झाला होता, त्यावर राखाडी प्रायमर मारला आहे. पुढचा रंग तू सांगशील तो. तोपर्यंत ते तसंच राहील. वर्कशॉपमधल्या लोकांनी विचारलं की मी शिट्टी का वाजवतेय. मला वाजवता येत नाही, तेव्हा त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल.

आता एक चूक सांगते. माझीच आहे, आणि कामातली आहे.

मोरी झाली, कठडे बसवले, ओटा खाली घेतला. मग मी हॉस्पिटलमधून एक खुर्ची मागून आणली आणि गेल्या रविवारी सकाळपासून तिच्यात बसले. नियम असा की उठायचं नाही. चहा केला, कप विसळला, फळीवरून रंगाचे डबे काढले, परत ठेवले. शटर हाताने उचलता येणार नाही हे आधीच माहीत होतं, म्हणून बाजूला गिअर बसवून गोल फिरणारी चेन लावली आहे, वजनं उचलायच्या कप्पीला असते तशी. दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढली की शटर अलगद वर जातं. आईने सकाळी दोन पोळ्या दिल्या होत्या, त्याही बसूनच खाल्ल्या. संध्याकाळी माझ्याकडे लिहून ठेवण्यासारखी एकही तक्रार नव्हती. मला फार बरं वाटलं होतं. काम जमल्यासारखं.

काल थेरपिस्ट बाई तपासायला आल्या. मी पुन्हा सगळं करून दाखवलं. त्या हाताची घडी घालून बघत होत्या.

"छान," त्या म्हणाल्या. "आता तुमची बहीण करेल तसं करून दाखवा."

"तसंच केलं. उठले नाही."

"उठला नाहीत. पण पुढे वाकलात तेव्हा पडला का नाहीत?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी बॅगेतून रुंद पट्टा काढला, माझी छाती खुर्चीच्या पाठीला बांधली आणि पाय खुर्चीच्या पायपट्टीवरून उचलून स्टुलावर ठेवले. "आता डबा घ्या."

डबा फळीवर वीतभर आत होता. हात पोचला नाही. मग त्यांनी पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "आता पोट ढिलं सोडा आणि घ्या." पोट ढिलं सोडून पुढे गेल्यावर काय होतं ते मी तुला सांगायला नको. त्यांनी मला खांद्याला धरून सरळ केलं.

मी त्या खुर्चीत अख्खा दिवस बसले, ताई, पण पोट, पाठ आणि पायांचा रेटा माझाच होता. तू वाकलीस की तुला स्वतःला धरायला एक हात लागतो. खुर्चीच्या मागच्या दांड्यात कोपर अडकवावं लागतं. म्हणजे कामाला एकच हात. मी सगळा गाळा दोन हातांच्या बाईसाठी बांधला. ही चूक बाबांनी केली नसती, कारण त्यांनी खुर्चीत बसूनच बघितलं नसतं.

फळ्या काढल्या आहेत. चेन एका हाताने ओढता येईल असा गिअर मागवला आहे. शटर हळू चढेल, पण चढेल.

धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

टेबलाबद्दल. एका हाताने तू अक्षर काढशील, पण काठीवर मनगट टेकवून काढतेस ते नाही जमणार, कारण काठी दुसऱ्या हातात असते. थेरपिस्ट बाईंशी बोलून टेबलाच्या मध्यभागी अर्धचंद्रासारखी खाच कापली आहे. खुर्ची थेट आत जाते, बरगड्यांना दोन्ही बाजूंनी टेबल धरतं. कडेला जाड फोम लावलाय. कातडीला काय टोचतंय ते तुला कळणार नाही, म्हणून फोम, आणि म्हणून अर्ध्या तासाला मागे सरकून बघायचं. थेरपिस्ट बाईंनी माझ्या पोटाला हात लावून मी ढिलं सोडलंय याची खात्री केली आणि मग हसल्या. दोन्ही हात मोकळे राहतात.

टेबल मला आवडलं आहे. मी लिफ्ट बनवते तेव्हा लिफ्ट कुणाला आवडत नाही, ती चालली की माणसं विसरतात. हे टेबल मी संध्याकाळी जाऊन बघते.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. बाई लागेल. सकाळी आणि रात्री, मदतीला. उठवणं, संडास, आंघोळ, पाठीची कातडी तपासणं. हे गाळ्याच्या कामात येत नाही, गिअर बसवून होत नाही. बाई नसेल तर डॉक्टर गाळ्यावर सोडणार नाहीत, सरळ केंद्रात पाठवतील. हा माझा आग्रह नाही, त्यांची अट आहे.

मी चौघींना भेटले. एक तुला "बाळा" म्हणाली असती. एक माझ्याशी बोलतानाही कुजबुजत होती. एक देवमाणूस होती, तिला मी नाही म्हटलं. चौथी आधी बसची कंडक्टर होती. गुडघा गेल्यावर तिने रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं. सगळे तिला अजून कंडक्टरच म्हणतात. मी तिला विचारलं, "माझी बहीण तुम्हाला घालवायला बघेल. तुम्ही काय कराल?"

ती म्हणाली, "मी अठरा वर्षं लोकांना पुढे सरका म्हणून सांगितलंय. सरकले सगळे. शिव्या देत सरकले, पण सरकले."

सोमवारी ती वॉर्डात तुला भेटायला येईल. तेवढं भेट.

धाकटी


२४ फेब्रुवारी

ताई,

सोमवारचं मला थेरपिस्ट बाईंनी सांगितलं. त्या शेजारच्या पलंगाशी काम करत होत्या, म्हणजे ऐकत होत्या. मी लिहून ठेवतेय, कारण तुमच्या बोलण्यात अटी ठरल्या आहेत आणि त्या कुठेतरी असायला हव्यात.

तू: "मला कुणी लागत नाही."

कंडक्टर: "मलाही कुणी लागत नाही. पगार लागतो."

तू: "किती वाजता येणार?"

"साडेसहा."

"मी साताशिवाय डोळे उघडत नाही."

"मग अर्धा तास मी बाहेर बसून चहा पिईन. तुमच्या डब्यातल्या पावडरीचा."

"मी माझ्या कामाच्या वेळी कुणाला बोलू देत नाही."

"मी माझ्या कामाच्या वेळी बोलतेच. तुमचं काम नऊला सुरू होतं, माझं साडेआठला संपतं. भांडण कशाला?"

मग म्हणालीस, "माझ्या बहिणीनं पाठवलंय ना तुम्हाला? तिनं तुमची उंची मोजली का?"

"मोजली नाही. माझं वजन विचारलं. तुम्हाला पलंगावरून खुर्चीत सरकवायला मला किती जोर लावता येईल म्हणून."

यावर तू हसलीस, असं थेरपिस्ट बाई म्हणतात. मी तिचं वजन विचारलं हे खरं आहे. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही, पण हरकत नाही.

तू कंडक्टरला हो म्हटलं नाहीस. "बघते" म्हणालीस. आपल्या घरात "बघते" म्हणजे काय हे बाहेरच्यांना समजावणं कठीण जातं. आईचं "बघते" म्हणजे हो, बाबांचं म्हणजे नाही. तुझं मला कधीच कळलेलं नाही.

तीन तारखेला तुला अर्ध्या दिवसासाठी गाळ्यावर आणायचं ठरलंय. थेरपिस्ट बाई आणि कंडक्टर बरोबर असतील. मी यावं की नाही याबद्दल तू काही कळवलेलं नाहीस, म्हणून मी येणार नाही असं धरून चालते.

धाकटी


५ मार्च

ताई,

परवा मी गाळ्यावर नव्हते. चष्म्याच्या दुकानात होते. दोन्ही विधानं खरी आहेत.

मी काचेच्या मागून बघत होते. काका म्हणाले, "अगं आत जा की."

"बोलावलेलं नाही."

"मग हा चष्मा तरी लाव. इतके डोळे बारीक करून काय दिसणार तुला?" त्यांनी खरंच एक चष्मा माझ्या हातात दिला. मला तो लागू पडला. आता मला चष्मा आहे.

मी जे पाहिलं ते: तू उतारावरून स्वतः आलीस. कंडक्टर मागे चालत होती, हात पाठीमागे बांधून, म्हणजे मोह नको. शटरपाशी थांबलीस, डावं कोपर दांड्यात अडकवलंस आणि उजव्या हाताने चेन ओढायला लागलीस. अर्धं शटर वर गेल्यावर थांबलीस. मला वाटलं सोडून देशील. कंडक्टरही पुढे झाली नाही. तू नुसता हात झटकलास आणि पुन्हा ओढायला लागलीस. शटर पूर्ण वर गेलं तेव्हा समोरच्या किराणा दुकानातल्या माणसाने उगीचच मान डोलावली, जणू त्याचंच दुकान उघडलं.

मग तू आत जायच्या आधी, रस्त्याकडे न बघता, मोठ्याने म्हणालीस, "फूटपट्टी, चेनला ग्रीस कमी आहे."

मला या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस आहे. मी ग्रीसचा डबा घेऊन आले. तू म्हणालीस, "चष्मा कधी लागला?" मी म्हटलं, आत्ताच. तू म्हणालीस, "बरा दिसतो." मग तू टेबलाच्या खाचेत शिरलीस आणि आमच्याकडे पाठ केलीस. आम्ही तिघी चेनला ग्रीस लावत बसलो. तीन माणसांचं काम नव्हतं ते. आतून काठीचा आवाज येत होता. निघताना टेबलावर कागद होता, त्यावर एकाच अक्षराचे सात आठ प्रयत्न. पहिले वाकडे, शेवटचा चांगला. मी कागद उचललेला नाही. तिथेच आहे.

गाडीत बसताना थेरपिस्ट बाईंनी तुला विचारलं, गाळा की केंद्र. तू म्हणालीस, "बघते."

तू गेल्यावर त्यांनी मला एक प्रश्न विचारला. कंडक्टर रात्री नऊला जाईल आणि सकाळी साडेसहाला येईल. मधल्या वेळात तू पलंगावरून घसरलीस, किंवा ताप आला, तर कोण येणार? डॉक्टरांना एका माणसाचं नाव लागतं, जवळ राहणाऱ्या. मी आईबाबांचं नाव सांगायला लागले. त्या म्हणाल्या, "ते तिसऱ्या मजल्यावर, बस बदलून. जवळचं सांगा."

तुझ्या पलंगाशी एक बटण बसवायचं आहे. दाबलं की दुसरीकडे बेल वाजते. बटणाची जागा ठरली आहे, तार छतापर्यंत नेली आहे. दुसरं टोक कुठे न्यायचं ते राहिलंय. दोन पर्याय आहेत. एक, काकांच्या खोलीत. ते चांगले आहेत, पण त्यांची झोप गाढ आहे आणि ते स्वतःच तसं सांगतात. दोन, त्यांच्या शेजारच्या खोलीत, जी रिकामी होती.

ती रिकामी नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मी तिथे राहते. वर्कशॉप तिथून जवळ पडतं, हे मी आईला सांगितलंय आणि ते खरं आहे. सकाळी शटर चढताना खाली आवाज होतो तो वर ऐकू येतो, मी गिअर तपासताना काकांना उघडायला लावून बघितलंय. मला हलकी झोप आहे. खाली यायला मला जिना आहे आणि माझे पाय चालतात. मी न विचारता आत येणार नाही. बेल वाजली तरच येईन, आणि काम झालं की परत वर जाईन. तुला बाहेर बसून चहा प्यायला कुणी हवं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तिला बेल लागत नाही.

तू केंद्रात जायचं ठरवलंस तर मी तार काढून ठेवीन आणि टेबल तिथे चालेल का ते विचारीन. त्यावर रंग नसला तरी पेन्सिल चालेल. खोली मी सोडणार नाही, कारण मला ती आवडली आहे. एकंदर माझं बरं चाललंय. तुझ्याकडून काहीच आलं नाही तरी ते तसंच राहील. पण आलं तर बरं.

इलेक्ट्रिशियन गुरुवारी सकाळी येणार आहे. गाळा की केंद्र, आणि गाळा असेल तर तार काकांकडे की माझ्याकडे, एवढं बुधवारी, ११ मार्चला, संध्याकाळपर्यंत कळव.

धाकटी